केडगावच्या सदनापासून गावच्या शाळेपर्यंत



आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाची चर्चा होते, हप्त्यांची होते, शेळ्यांची आणि शिलाई मशीनची होते. पण ज्या घरात न ऐकू येणारं, कमी दिसणारं, उशिरा बोलणारं किंवा इतरांच्या वेगानं न शिकणारं मूल आहे, त्या घरची बाई त्याबद्दल सहसा तोंड उघडत नाही. वर्षभर शेजारी बसून सह्या केल्या तरी आपल्याला पत्ता नसतो. म्हणून आज आम्ही अशा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळत आलेल्या आधाराचा इतिहास सांगणार आहोत. हे सगळं पुण्या-मुंबईत सुरू झालं आणि मग आपल्याकडे आलं, असं आपल्याला वाटतं. खरं तर या इतिहासाचं एक जुनं पान आपल्या दौंड तालुक्यातच आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी अशा मुलाला आधार म्हणजे घर आणि गाव, एवढाच. ज्याला चालता येई ते गुरांमागे जाई. न ऐकणारी मुलगी जात्यावर आणि गोठ्यात राबे. त्यांना शिकवायचं कसं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शाळा तर धडधाकट मुलींच्याही वाट्याला येत नव्हती. गावानं नावं मात्र ठेवली. आंधळी, बहिरी, मुकी, वेडी. कित्येकींचं बारशाचं नाव या नावांखाली बुजून गेलं. त्यात दुष्काळ पडला की घराचा आधारही तुटे. देवीच्या साथीत मुलांचे डोळे जात. दुष्काळात दूध, भाजीपाला मिळत नसे, त्यामुळे 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानंही डोळे जात. म्हणजे दुष्काळ मुलांना अंधही करी आणि उघड्यावरही टाकी.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. त्यांचा जन्म १८५८ चा. मुलीनं शिकणं पाप मानलं जाई त्या काळात आईवडिलांनी त्यांना संस्कृत शिकवलं. १८७० नंतरच्या दुष्काळात रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण गेले. पोटात अन्न नसणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. सदनातल्या धर्मांतरावरून पुण्यात मोठा वाद पेटला, 'केसरी'तून कडक टीका झाली. तो वाद इतिहासात आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण त्या वादाच्या धुरळ्यात त्यांचं एक काम झाकलं गेलं, ते आम्हाला आज सांगायचं आहे.

सदनाचा खर्च भागावा म्हणून रमाबाईंनी केडगाव स्टेशनजवळ फळबागेसाठी जमीन घेतली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांची संख्या तीनशेच्या आसपास होती. पुण्यात प्लेगची साथ होती, इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या शेतावरच झोपड्या, मंडप आणि पुढे पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि सदनातली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, गुरं, तेलघाणा, हातमाग, छापखाना, सगळं बायकांच्या हातानं चालू लागलं.

या दोन हजारांत अंध मुली होत्या, अपंग होत्या, म्हाताऱ्या होत्या. सगळ्यांना एका पंगतीत जेवायला घालणं ही दया झाली. रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमाबाई यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. अंधांसाठी त्यांनी वेगळा विभाग केला, त्याला बार्तीमी सदन म्हणत. बायबलमध्ये एका आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आहे, त्याच्या नावावरून हे नाव. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या होत्या. त्यांनी स्वतः ब्रेल लिपी शिकून घेतली आणि मुलींना शिकवली.

ब्रेल म्हणजे कागदावर उठवलेले ठिपके. एका चौकटीत जास्तीत जास्त सहा ठिपके, आणि त्यांच्या मांडणीतून एकेक अक्षर. फ्रान्समध्ये लुई ब्रेल नावाच्या मुलानं १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ही पद्धत तयार केली. तो स्वतः अंध होता. पॅरिसच्या एका शाळेत बसवलेली लिपी शंभर वर्षं व्हायच्या आत केडगावच्या माळावर दुष्काळातून आलेल्या मुलींच्या बोटांखाली आली. अक्षराबरोबर हाताला कामही दिलं गेलं. टोपल्या विणणं, खुर्च्यांना वेत विणणं ही कामं त्या शिकल्या.

यातली मुख्य गोष्ट आम्हाला अशी दिसते. मुलगी शिकत नाही असं म्हणून या मायलेकी थांबल्या नाहीत. मुलीला ज्या रीतीनं शिकता येईल ती रीत आधी शिकवणारीनं शिकून घेतली. आज 'विशेष शिक्षण' म्हणून जे मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलं जातं, त्याचा गाभा एवढाच आहे. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई १९२२ मध्ये. केडगावचं मिशन मात्र आजही चालू आहे आणि निराधार स्त्रिया, मुलं आणि अंध व्यक्तींसाठी काम करतं आहे.

तरी या कामाची एक मर्यादा होती. केडगावचा दरवाजा उघडा होता तो ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. ज्या मुलाला घर आहे, आई आहे, पण शिकवणारं कुणी नाही, त्या घराचं काय? घोडनदीच्या काठच्या किंवा पाटसजवळच्या वस्तीवरच्या आईला त्या काळात काहीच मिळालं नाही. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

शहरांत उत्तर शोधलं गेलं ते शाळा काढून. १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा सुरू झाली. आज तिची मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आणि मुलींची कोथरूडला आहे. बुद्धीची वाढ कमी झालेल्या मुलांकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. मुंबईत १९४४ मध्ये होरमसजी आणि जेरबानू वकील या पारशी जोडप्यानं आपल्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या काही मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या मुलीला घेणारी शाळाच कुठे नव्हती. तीच पुढे 'जय वकील' शाळा म्हणून मोठी झाली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. म्हणजे सरकार यायच्या आधी आईबाप आले, शिक्षिका आल्या.

पण शाळा शहरात आणि मूल खेड्यात. शिरूरहून पुणे पासष्ट-सत्तर किलोमीटर, दौंडहून रेल्वेनं पंचाहत्तर. रोज जाऊन येणं शक्य नाही. मग आईपुढे दोनच वाटा उरत. मूल वसतिगृहात ठेवायचं आणि सणाला घरी आणायचं, किंवा घरी ठेवायचं आणि शिक्षणाचं नाव सोडायचं. शिवाय घरी ठेवलेल्या मुलाजवळ कुणीतरी बसावं लागतं. आई खुरपायला गेली की थोरली बहीण घरी बसते. अशा रीतीनं एका मुलाची शाळा बुडते तेव्हा बऱ्याचदा दोघांची बुडते, आणि दुसरी मुलगीच असते.

हे बदलायला कायदे लागले. १९७४ मध्ये केंद्र सरकारनं अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवण्याची योजना आणली. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींचा पहिला मोठा कायदा झाला, त्यात सात प्रकार धरले होते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ज्यांचं अपंगत्व तीव्र आहे किंवा एकाहून जास्त प्रकारचं आहे, त्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा हक्क मिळाला. मग २०१६ चा कायदा आला. त्यात प्रकार सातावरून एकवीस झाले. स्वमग्नता आली, वाचता-लिहिताना अक्षरं उलटसुलट होणारी अध्ययन अक्षमता आली. ज्या मुलाचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक आहे त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत.

शब्दही बदलले. कागदावरचं 'मतिमंद' जाऊन 'बौद्धिक अक्षमता' आलं, 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं. शब्द बदलल्यानं पोट भरत नाही हे खरं. पण ज्या मुलीचं नाव आंधळी-बहिरीखाली बुजलं होतं तिला तिच्या नावानं हाक मारायला तरी आपण यातून शिकावं.

या कायद्यांमुळे पहिल्यांदाच शाळा मुलाच्या दिशेनं चालू लागली. आज पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. ते शाळाशाळांतून फिरतात, जे मूल अंथरुणावरून उठू शकत नाही त्याच्या घरीही जातात. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी प्रवास भत्ता आहे, मदतनीस भत्ता आहे, मुलींसाठी विद्यावेतन आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो. चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची मिळण्याची सोय आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन आपलं मूल 'विशेष गरजा असलेलं' म्हणून नोंदवलं आहे का, एवढं विचारायला आईला कुणाची परवानगी लागत नाही.

या सगळ्याची किल्ली मात्र एका कागदात आहे, दिव्यांग प्रमाणपत्रात. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, मग तपासणी, मग वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड. ज्या घरात रोजावर चूल पेटते त्या घराला यासाठीचे दोन-तीन हेलपाटे जड जातात. एक रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं, शिवाय चालता न येणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून पुष्कळ मुलं प्रमाणपत्राच्या अलीकडेच अडकतात. कार्ड नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नाही, आणि ग्रामपंचायतीच्या यादीतही नाव नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे किती होते आणि कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारता येतं.

अठराव्या वर्षानंतरचा प्रश्न सगळ्यांत अवघड. विशेष शाळा अठराला संपते, मुलाची गरज संपत नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा. याच न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. "आमच्या माघारी याचं कोण?" हे वाक्य प्रत्येक आईच्या मनात असतं. या प्रश्नाला कायद्यात निदान एक दार आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

ते सांगणारी माणसं म्हणजे आपण. केडगावात जे झालं ते एका विदुषीच्या जिद्दीनं झालं. शहरातल्या शाळा काही आईबापांच्या आणि शिक्षिकांच्या जिद्दीनं झाल्या. कायद्यानं त्या जिद्दीचा हक्क केला. पण हक्क तालुक्याच्या गावी थांबतो. तिथून वस्तीवरच्या घरापर्यंत तो आपोआप येत नाही, कुणीतरी हात धरून आणावा लागतो. दहा-बारा बायकांचा गट हे काम करू शकतो, कारण कोणाच्या घरात कोण आहे हे आपल्याला सर्वेक्षण न करताही ठाऊक असतं.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी आमचं एवढं सांगणं आहे. हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं या मुलांसाठी ठेवा. आपल्या वाडीत असं मूल कोणाकडे आहे, त्याला कार्ड आहे का, शाळेत नाव आहे का, या तीन गोष्टी वहीत लिहा. अंगणवाडीताई आणि आशाताईंना त्या बैठकीला बोलवा. ज्या आईला तपासणीला जायचं आहे तिच्याबरोबर गटातली एक जण जाऊ दे आणि तिच्या भाड्याला अंतर्गत कर्जातून पैसे द्या. थोरली बहीण घरी बसली असेल तर तिच्या शाळेचं आधी बघा. आणि त्या मुलाचं खरं नाव विचारून घ्या. वहीत तेच लिहा.