गिरणीतल्या बायका आणि आमवाताची गोळी

आमवाताच्या रुग्णाला डॉक्टर बहुधा दोन गोळ्या जोडीने लिहून देतात. एक मेथोट्रेक्सेट आणि दुसरी फॉलिक ॲसिड. पहिली गोळी शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणते, आणि दुसरी गोळी म्हणजे चक्क फॉलिक ॲसिडच! एका हाताने हिसकावून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने परत द्यायचं, असला हा व्यवहार. मी काही डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. केलेली आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. पण या जोडगोळीच्या मागे सगळा इतिहासच आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. म्हणून हे लिहायचं धाडस.

निमित्त घरातलंच. आमच्या थोरल्या वन्संना मध्यंतरी हे औषध सुरू झालं. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, मनगटं सुजलेली, भाकरी थापणं बंद. तपासण्या झाल्या, आमवात ठरला. दुसऱ्याच दिवशी भाच्याचा फोन. त्याने औषधाच्या डबीतला कागद वाचला होता. "मामी, हे तर कॅन्सरचं औषध आहे! आईला नक्की काय झालंय? डॉक्टर काही लपवत नाहीत ना?" मग शेजारणी, विहीणबाई, पुण्याची जाऊ, सगळ्यांचे सल्ले. गोळी बंद करा, काढा घ्या, वगैरे. वन्संची गोळी बंद पडायची वेळ आली होती. डॉक्टरांनी पुन्हा बोलावून नीट समजावलं म्हणून टळलं. पण भाच्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. कॅन्सरचं औषध सांध्यांना कशासाठी?

आधी आजाराविषयी दोन शब्द. वय झालं की गुडघे झिजतात, तो संधिवात वेगळा. आमवातात शरीराची स्वतःची संरक्षण करणारी फौजच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. राखणदारानेच घर लुटावं तसं. आमवात हे नाव आपल्याकडे जुनं आहे, माधवनिदान या ग्रंथात त्याचं स्वतंत्र वर्णन आहे. पण नाव असणं वेगळं आणि उपाय सापडणं वेगळं.

आता इतिहास. साल १९२८. आमच्या पाठ्यपुस्तकांत हे साल मुंबईच्या गिरणी संपामुळे असायचं. सहा महिने गिरण्या बंद होत्या. त्याच वर्षी डॉ. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी चालू होती. डॉ. मार्गारेट बाल्फर या तिच्यातल्या प्रमुख, आणि त्यांनीच विल्सबाईंना बोलावून घेतलं होतं. प्रश्न असा होता, की गरीब गर्भार बायका, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही, पांढऱ्याफटक पडत आणि पुष्कळदा दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत.

विल्सबाईंनी रक्त तपासलं तसं या बायकांचं ताटही तपासलं. कोण काय खातं, भाजी किती, फळं किती, दूध किती. ज्यांच्या ताटात भाजीपाला आणि फळं जवळजवळ नसत, अशा गरीब मुसलमान बायकांत हा आजार जास्त दिसला. मग प्रयोग सुरू झाले. आधी उंदीर, मग माकडं. एका माकडाला मार्माइट दिलं आणि ते झपाट्याने सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट लगदा. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. स्वस्तातली वस्तू. तोच मग रुग्ण बायकांना दिला, आणि त्यांचं रक्त भरून येऊ लागलं. १९३१ साली विल्सबाईंनी हे छापून प्रसिद्ध केलं. त्या काळी दुसऱ्या एका प्रकारच्या पंडुरोगावर यकृताचा अर्क देत असत. तो शुद्ध केलेला अर्क इथे मात्र चालला नाही. म्हणजे यीस्टमध्ये काहीतरी वेगळंच होतं. त्याला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला तो १९२९ साली, देशातला पहिला. म्हणजे एकीकडे कायदेमंडळ आणि दुसरीकडे प्रयोगशाळा, दोघांचंही लक्ष एकाच वेळी कामगार बाईकडे गेलं होतं. आम्ही शाळेत हा कायदा कधी शिकवला नाही, पुस्तकातच नव्हता.

पुढे १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून हाच पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. आपल्या चुका, राजगिरा, अंबाडीतही तो असतोच. नवीन पेशी तयार व्हायची, तर हा पदार्थ लागतोच. गर्भ झपाट्याने वाढतो, म्हणून गर्भारपणात त्याची गरज वाढते. ताटात नसला की आईचं रक्त आटतं.

आता तो कारखान्यात बनवायचा कसा? इथे येतात डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू मंडळींना हे नाव आपलं वाटावं. जन्म १८९५ साली भीमावरमचा. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात खादी घालून जात, म्हणून इंग्रज प्राध्यापकांची खप्पामर्जी झाली आणि त्यांना पूर्ण पदवी न मिळता कमी दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं. १९२२ साली अमेरिका गाठली. हार्वर्डमध्ये मोठं संशोधन केलं, तरी तिथे कायमची जागा मिळाली नाही. १९४० पासून ते न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली कंपनीत होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ च्या सुमारास फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. मुंबईत ज्याचा माग लागला होता, त्याची आता बाटली भरता येऊ लागली.

आणि इथे गोष्टीला वळण लागतं. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कॅन्सरने आजारी मुलांवर उपचार करत. फॉलिक ॲसिडसारखी द्रव्यं दिल्यावर आजार उलट भडकतो आहे, असं त्यांना दिसलं. मग त्यांच्या मनात आलं, की पेशी वाढायला हे लागतं ना, मग ते मिळूच दिलं नाही तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने दिसायला फॉलिक ॲसिडसारखी, पण काम अडवणारी द्रव्यं बनवली. कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली म्हणा ना. त्यातलं एक अमिनोप्टेरिन. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांपैकी १० मुलांना काही काळ उतार पडला होता. तोवर या आजारावर कुठलंच औषध लागू पडलं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, वय अवघं ५३. अमिनोप्टेरिनचं जरा सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

१९५१ साली न्यूयॉर्कचे डॉ. गब्नर यांनी अमिनोप्टेरिन थोड्या प्रमाणात आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सूज उतरली, आणि सोरायसिसचे चट्टेही गेले. पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण तेव्हा सगळीकडे कॉर्टिसोनचा जयजयकार चालू होता. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच यांनी ते एका आमवाताच्या बाईंना दिलं. अंथरुणाला खिळलेल्या त्या बाई काही दिवसांत चालू लागल्या. १९५० साली नोबेलही मिळालं. पुढे कळलं, की या स्टिरॉइडचा डोस वाढवून वर्षानुवर्षं घेतला, तर चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. लगेच बरं वाटतं, पण किंमत मागाहून मोजावी लागते.

मेथोट्रेक्सेट मात्र मागे पडून राहिलं. त्वचारोगतज्ज्ञ ते सोरायसिसला देत होते, १९७१ साली अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. सांध्यांच्या डॉक्टरांना मात्र धाकधूक होती, यकृताला अपाय झाला तर? अखेर १९८० च्या दशकात रीतसर चाचण्या झाल्या. काही रुग्णांना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी साधी गोळी, आणि कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरांना. १९८५ साली निकाल छापून आले, १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली. म्हणजे गब्नर यांच्या निबंधापासून ३७ वर्षांनी! १९९८ पासून महागडी जैविक इंजेक्शनं आली. तरी आजही पहिलं औषध बहुधा हेच असतं, आणि त्या इंजेक्शनांच्या जोडीलाही पुष्कळदा हेच देतात.

तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर असं. औषध तेच, पण प्रमाण वेगळं. कॅन्सरमध्ये कधी कधी ते ग्रॅमच्या हिशेबाने देतात. आमवातात आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पटींनी कमी. इतक्या कमी प्रमाणात ते पेशी मारण्यापेक्षा भडकलेल्या फौजेला शांत करण्याचं काम करतं. म्हणूनच वेगळी फॉलिक ॲसिडची गोळी दिली, तर तोंड येणं, मळमळ, यकृताचा त्रास कमी होतो, आणि सांध्यांवरचा गुण फारसा जात नाही. हिसकावणं आणि परत देणं, दोन्हीला अर्थ आहे.

पण एक गोष्ट मी ठळक लिहिते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. आपल्याला रोज गोळी घ्यायची सवय, त्यामुळे चुकून रोज घेतली जाते, आणि अशा चुकीने जगात माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, घरात आणखी एकाला माहीत असू द्या. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. ज्या मुलींना मूल हवं आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, कारण गर्भारपणात हे औषध चालत नाही, गर्भाला घातक ठरतं. गर्भार बायकांच्या दुखण्यातून ज्याचा उगम झाला, ते औषध गर्भार बाईलाच वर्ज्य. इतिहासात असं पुष्कळ असतं.

राहिला काढ्याचा सल्ला. सोलापूरहून पुण्याला जाताना भिगवण लागतं. आपल्याला तिथले मासे आणि रोहित पक्षी ठाऊक. पण १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने तिथे घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरातल्या अठरा जणांना सांध्यांची किंवा हाडास्नायूंची काही ना काही तक्रार होती. आमवात दोनशेत एकाला. याच चोप्रांनी आमवातावरच्या एका आयुर्वेदिक औषधाचीही तशीच आंधळी चाचणी घेतली, १८२ रुग्णांवर, १६ आठवडे. २००० साली ती छापून आली. सांध्यांची सूज औषध घेणाऱ्यांत जास्त उतरली, पण बाकी बाबतींत साध्या गोळीवाल्यांनाही बऱ्यापैकी बरं वाटलं होतं! "मला गुण आला" या एका वाक्यावर का विसंबू नये, ते यातून कळतं. जडीबुटी असो की कारखान्यातली गोळी, कसोटी एकच हवी. आणि जे घ्याल ते डॉक्टरांना सांगून.

मला राहून राहून त्या बायका आठवतात. आपलं गाव गिरण्यांचं. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आम्ही पाहिली. गिरणीतल्या बाईची कंबर, तिचं रक्त, तिचं ताट याची चौकशी कोणी करत नसे. मुंबईत एकदा ती झाली आणि तिच्यातून केवढं निघालं पाहा. आज गर्भार बाईला सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, ती तिथूनच आलेली. २०१९ साली विल्सबाईंच्या जन्मदिनी गूगलने त्यांचं चित्र लावलं होतं. वैद्यकीय निबंधात रुग्णांची नावं देत नाहीत, ते योग्यच. पण रक्त काढून घ्यायला हात पुढे केला तो त्यांनी. आठवड्याची गोळी घेताना वन्सं आता म्हणतात, "त्या बायकांचं भलं होवो." मला तेवढी प्रार्थना पुरेशी वाटते.