ड्रॉविरुद्धची पैज (पोकर)

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात पत्त्यांची बलवान जुळणी आधीच साधलेला खेळाडू, पुढच्या पत्त्यावर आपल्याला मागे टाकू शकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून तो पत्ता पाहण्याची किंमत घेण्यासाठी जी पैज लावतो, तिला ड्रॉविरुद्धची पैज म्हणता येईल. एखादा विशिष्ट पत्ता आल्यासच पूर्ण होणाऱ्या जुळणीस ड्रॉ, तर ती पूर्ण करणाऱ्या पत्त्यांना आउट असे म्हणतात. महाराष्ट्रात परिचित असलेल्या तीन पत्तीत सर्व पत्ते एकदमच वाटले जात असल्याने तेथे ही संकल्पना उद्भवत नाही. होल्डेममध्ये मात्र प्रत्येकाला दोन पत्ते दिल्यानंतर मेजावर तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) व शेवटी एक (रिव्हर) असे सामाईक पत्ते उघडले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर पैज लावता येते.

== ड्रॉचे प्रकार व संभाव्यता ==

फ्लॉपनंतर एकाच रंगाचे चार पत्ते जमले असतील, तर तो फ्लशचा ड्रॉ होय. त्या रंगाचे नऊ पत्ते शिल्लक असतात आणि न दिसलेले पत्ते ४७ असतात. त्यामुळे टर्नवर ड्रॉ पूर्ण होण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, तर दोन्ही पत्ते मिळून सुमारे ३५ टक्के असते. दोन्ही टोकांनी पूर्ण होऊ शकणाऱ्या स्ट्रेटच्या ड्रॉला आठ आउट (दोन पत्त्यांत सुमारे ३१ टक्के), तर मधला एकच पत्ता हवा असलेल्या ड्रॉला चार आउट (सुमारे १६.५ टक्के) असतात. फ्लश व स्ट्रेट या दोहोंची वाट पाहणाऱ्या ड्रॉला पंधरापर्यंत आउट मिळू शकतात. अशा वेळी ती जुळणी पूर्ण होण्याची शक्यता ५४ टक्के होते. अशा ड्रॉला केवळ ‘अपूर्ण’ म्हणणे भ्रामक ठरते.

== पैजेचे गणित ==

समजा, एका खेळाडूकडे इस्पिक व चौकटचा एक्का आहे आणि फ्लॉपवर बदाम राजा, बदाम अठ्ठी व किलवर दुर्री आली. प्रतिस्पर्ध्याकडे बदाम राणी व बदाम दश्शी आहे. मेजावर १०० चकत्या जमल्या आहेत.

एक्केवाल्याने पैजच लावली नाही, तर प्रतिस्पर्ध्याला पुढचा पत्ता फुकट मिळतो. दहाची पैज लावली, तर ११० साठी दहाच द्यायचे असल्याने त्याला केवळ ८.३ टक्के शक्यता पुरते. त्याच्याकडे १९ आहे, म्हणजे सौदा त्याच्याच लाभाचा. साठची पैज लावल्यास मात्र त्याला २७ टक्क्यांहून अधिक शक्यता हवी असते. केवळ टर्नचा पत्ता विचारात घेतला, तर ४७ पैकी नऊ वेळा तो १६० मिळवेल आणि ३८ वेळा ६० गमावेल. सरासरी तोटा दर वेळी सुमारे १८ चकत्यांचा.

येथे नवशिक्यांचा एक दृढ गैरसमज होतो. ड्रॉवाल्याला पळवून लावणे हे या पैजेचे उद्दिष्ट असल्याचे ते मानतात. वरील उदाहरणात त्याने पत्ते टाकले, तर एक्केवाल्याला १०० चकत्या मिळतात; त्याने साठ भरले, तर त्याच हिशेबाने सरासरी सुमारे ११८ मिळतात. चूक करून पैसे भरणारा प्रतिस्पर्धी बलवान जुळणीला हवाच असतो. दर पाच वेळांपैकी जवळपास एकदा बदामाचा पत्ता येणारच, आणि तो आला म्हणून पैज चुकीची ठरत नाही.

== मर्यादा ==

ड्रॉ पूर्ण झाल्यानंतर आणखी किती मिळेल, हाही हिशेब प्रतिस्पर्धी करतो. वरील उदाहरणात बदामाचा पत्ता आल्यावर एक्केवाला सरासरी आणखी सुमारे ९३ चकत्या देत राहिला, तर साठ भरण्याचा तोटा भरून निघतो. म्हणून तिसरे बदाम उघडताच हात आखडता घेणे हा या पैजेचाच उत्तरार्ध समजावा. पहिला भाग शिकून दुसरा विसरणारे पुष्कळ असतात. उलट, फ्लॉपवरच उरलेल्या सर्व चकत्या मध्ये गेल्या, तर ड्रॉवाल्याला दोन्ही पत्ते पाहायला मिळतात आणि १९ ऐवजी ३५ टक्के हा आकडा लागू होतो. तेव्हा मेजावरील रकमेइतकी पैजही (तिला ३३.३ टक्के शक्यता पुरते) त्याला महाग पडत नाही.

फ्लॉपचे स्वरूपही पाहावे लागते. किलवर राजा, चौकट सत्ती व इस्पिक दुर्री अशा विखुरलेल्या पत्त्यांवर फ्लश वा स्ट्रेटचा थेट ड्रॉ संभवत नाही. तेथे मेजावरील रकमेच्या एक तृतीयांश पैजही पुरेशी असते. बदाम दश्शी, बदाम नव्वी व किलवर अठ्ठी यांवर मात्र गुलाम-राणी किंवा छक्की-सत्ती असलेल्याची स्ट्रेट आधीच झालेली असते. अशा ठिकाणी एक्क्यांची जोडी बलवान गृहीत धरणे हीच पहिली चूक होय. पैजेची रक्कम नियमानेच ठरलेल्या लिमिट होल्डेममध्ये ड्रॉवर पुरेशी किंमत लादणे बहुधा शक्य होत नाही. रिव्हरनंतर कोणताच पत्ता यायचा नसतो. तेव्हाची पैज ही केवळ दुबळ्या जुळणीकडून पैसे मिळवण्यासाठी किंवा हूल देण्यासाठी लावली जाते.