सोळा मुले आणि एक जीवनसत्त्व

१९४७ सालापर्यंत एखाद्या मुलाला तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, की डॉक्टरांजवळ आईवडिलांना सांगण्यासारखे फारसे काही नसे. मूल फिकट पडायचे, ताप हटायचा नाही, अंगावर निळेकाळे डाग उमटायचे. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सारे संपायचे. ‘ल्युकेमिया’ म्हणजे ‘पांढरे रक्त’ हे नाव रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने १८४७ मध्ये दिले होते. नाव मिळून शंभर वर्षे झाली तरी उपाय मिळालेला नव्हता.

आज या रोगाचा मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार घेतला, तर श्रीमंत देशांत दहापैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. हा बदल कसा झाला? त्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

मुंबईतला रक्तक्षय

ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये एक प्रकारचा गंभीर रक्तक्षय आढळत असे. त्याचा संबंध निकस आहाराशी असावा, अशी त्यांना शंका आली. यीस्टपासून बनवलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त अर्क दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय होते ते तेव्हा कळले नव्हते. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा केला गेला. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून त्याचे नाव पडले फोलिक आम्ल.

पेशीचे विभाजन व्हायचे तर आधी तिच्यातील डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी फोलिक आम्ल हवे. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत तयार होत असतात, म्हणून या जीवनसत्त्वाची उणीव रक्तात लवकर दिसते.

खोटी किल्ली

सिडनी फार्बर हे बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ. फोलिक आम्लाने रक्त सुधारते, तर ल्युकेमियातही ते उपयोगी पडेल, असे त्यांना वाटले. त्यांनी फोलिक आम्लाची संयुगे काही मुलांना दिली. झाले उलटेच. रोग अधिक वेगाने वाढताना दिसला. कर्करोगाच्या पेशींनाही विभाजनासाठी तेच जीवनसत्त्व लागत होते.

या निरीक्षणातून पुढचा प्रश्न निघाला. पेशींपर्यंत फोलिक आम्ल पोहोचूच दिले नाही तर? लेडर्ले प्रयोगशाळेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील रसायनतज्ज्ञांनी फोलिक आम्लासारखीच दिसणारी संयुगे बनवली होती. त्यांपैकी ‘अमिनोप्टेरिन’मध्ये एका जागी हायड्रॉक्सिल गटाऐवजी अमिनो गट होता, एवढाच मुख्य फरक. कुलपात शिरणारी, पण न फिरता अडकून बसणारी किल्ली असावी, तसा हा पदार्थ विकराला अडकवून ठेवतो.

मरणाच्या दारातील मुलांना विषारी औषध देऊन आणखी त्रास का द्यायचा, असे फार्बर यांच्या अनेक सहकाऱ्यांना वाटे. त्यांचा आक्षेप निर्दय नव्हता. पण आईवडिलांसमोर दुसरा मार्गही नव्हता. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सोळा मुलांना औषध दिले होते, त्यांपैकी दहा सुधारली. प्लीहा आणि यकृताची सूज उतरली, भूक परतली, काही मुले पुन्हा खेळू लागली. ही सुधारणा तात्पुरती आहे, हे फार्बर यांनी निबंधाच्या शीर्षकातच लिहिले होते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रोग परत येई. तरीही मुलांचा तीव्र ल्युकेमिया औषधाने मागे हटू शकतो, हे दिसले होते. सुब्बाराव यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधन झाले.

जिमी

२२ मे १९४८ रोजी अमेरिकेत रेडिओवर एका आजारी मुलाचा आवाज ऐकू आला. त्याला आतड्याचा लसिका-कर्करोग होता. ओळख लपवण्यासाठी त्याला ‘जिमी’ म्हटले होते. बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले. सामने पाहायला जिमीला टीव्ही हवा होता. त्या आवाहनातून त्या वर्षी दोन लाख एकतीस हजार डॉलरहून अधिक निधी जमला. पुढे बहुतेकांनी गृहीत धरले, की जिमी केव्हाच वारला असेल. १९९८ मध्ये जगाला कळले, की तो जिवंत आहे. एनार गुस्ताफसन, मेन राज्यातल्या शेतकरी कुटुंबातला मुलगा, आता ट्रकचालक आणि आजोबा! २००१ साली, ६५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एकाऐवजी चार

एका औषधाने रोग परतत होता, म्हणून १९६० च्या दशकात चार औषधे एकत्र देऊन पाहिली गेली. त्यांतले एक, व्हिन्क्रिस्टिन, सदाफुलीपासून मिळते. शाळेच्या कुंपणाशी असते तीच सदाफुली. मुलांच्या रक्तातून रोग नाहीसा झाला, घरी आनंद झाला. पण काही महिन्यांनी त्यांपैकी अनेक मुले डोकेदुखी आणि उलट्या घेऊन परत आली. औषधे मेंदूभोवतीच्या द्रवात नीट पोहोचत नव्हती. तिथे थोड्या पेशी लपून राहिल्या होत्या. डोनाल्ड पिंकेल यांनी मेम्फिस येथे या जागेवरही उपचार सुरू केले, आणि १९७० च्या सुमारास जवळजवळ निम्मी मुले बरी होऊ लागली. पुढे डोक्यावरील किरणोपचाराने बुद्धीवर परिणाम होतो असे आढळले, तेव्हा बहुतेक मुलांसाठी तो वगळण्यात आला.

भारतात १९८४ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशीच बहुऔषधी पद्धत सुरू केली. पण येथे एक वेगळी अडचण होती. उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. मूल वरवर ठणठणीत दिसते, वडिलांची मजुरी बुडते, मुंबईत राहायला जागा नसते, गावी दुसरी मुले वाट पाहत असतात. अशा वेळी उपचार अर्धवट सुटतात आणि रोग परततो. निवाऱ्याची आणि प्रवासखर्चाची सोय झाली, की उपचार पुरे करणाऱ्यांचे प्रमाण वाढते. औषधाइतकीच ही व्यवस्थाही उपचाराचा भाग आहे.

या व्यवस्थेत शाळाही येते. हा रोग संसर्गजन्य नाही, हे वर्गाला सांगावे लागते. नाहीतर टोपी घालून आलेल्या मुलाच्या बाकावर कोणी बसत नाही. उलट धोका त्या मुलालाच असतो. उपचारांमुळे त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे इतरांना किरकोळ वाटणाऱ्या कांजिण्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या, तर त्याच दिवशी त्याच्या घरी निरोप गेला पाहिजे, म्हणजे डॉक्टरांना वेळेत उपाय करता येतो. आणि त्याचे नाव हजेरीपटावर राहू द्यावे. दोन वर्षांनी तो परत येण्याची शक्यता आता बरीच आहे.