गावात नसलेलं पोर

जामखेड तालुका, १९७३. दुष्काळाचं साल. वाकून घरात शिरताना चौकटीचा कडुलिंबाचा डहाळा तुमच्या कपाळाला लागतो. आत तापानं फणफणलेलं दोन वर्षांचं पोर, अंगभर गोवर उमटलेला. घरात फोडणी बंद आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला येऊन तीनच वर्षं झालीत. त्यांच्याकडे शिकलेली गावातलीच एक बाई उशाशी बसून पेज पाजते आहे. पोराला उपाशी ठेवू नका, म्हणते. तिच्या हाती तेवढंच आहे. गोवराची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात यायला अजून बारा वर्षं आहेत.

आता २७ नोव्हेंबर २०१८. पाथर्डी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. राज्यभर गोवर-रुबेला मोहीम आज सुरू होते आहे. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतलं प्रत्येक मूल, आधी लस घेतलेली असो वा नसो. टोचून झालं की डाव्या अंगठ्याला शाई, मग अर्धा तास बसून राहायचं. गुरुजी हजेरी घेतात आणि काही नावांना उत्तर येत नाही. ती पोरं दिवाळीच्या सुमारासच ऊसतोडीला निघालेल्या आईबापाच्या कोयत्यामागं साखर कारखान्यावर गेलीत.

गोवराच्या निर्मूलनाचं साल २०२० ठरलंय. पुढे ते २०२३ होईल, मग २०२६. गोवर थोपवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस लागतात. पण उरलेली पाच जिल्हाभर विखुरलेली नसतात. ती ऊसतोड्यांच्या एकाच तळावर, कोपीला कोपी, म्हणजे झोपडीला झोपडी लागून राहतात आणि गोवराला तेवढं पुरतं. निर्मूलनाच्या या धोरणाची खरी परीक्षा मला तिथंच दिसते.

तर प्रवरेच्या पट्ट्यातल्या अशाच एका तळावर चला. माणसं उसाच्या फडात. नऊ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन चुलीशी. नर्सताईनं टोळीच्या मुकादमाकरवी आईला बोलावून घेतलंय. लसीचं कार्ड गावाकडं राहिलं, ती सांगते. नर्सताई नवं लिहिते. बहिणीलाही टोचायचंय, पुढं मोठेपणी तिच्या पोटातल्या बाळाला रुबेलानं गाठू नये म्हणून.

कुपीत दहा डोस. एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. तळावर मुलं तीन.

"ताई, सात वाया जातील," आशाताई म्हणते.

"जाऊ देत." कुपी कालवता कालवताच नर्सताई मुकादमाला विचारते, "दुसरी टोळी कुठं उतरलीय?"

"कॅनॉलच्या पलीकडं."

"तिथली लहान पोरं आणि त्यांच्या आया इकडं बोलवा. चार तास आहेत माझ्याकडं."