जुनी लष्करी मनगटी घड्याळे

जुनी लष्करी मनगटी घड्याळे म्हणजे सैन्याने सैनिकांना दिलेली किंवा त्यांच्यासाठी बनवून घेतलेली घड्याळे होत. पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) ती खिशातील घड्याळांपेक्षा सोयीची ठरली व त्यांचा प्रसार झाला. १८८६ साली मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस बनावटीची घड्याळे भारतीय सैनिक वापरीत. त्यांतील ‘सोवार’ हे नाव घोडेस्वार या अर्थाच्या ‘स्वार’ शब्दाचेच रूप आहे.

ओळख

ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर तीन रेघांच्या बाणाची खूण असे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बारा उत्पादकांनी ब्रिटिश सैन्यासाठी बनवलेल्या घड्याळांच्या तबकडीवर ही खूण असून, मागील झाकणावर ‘डब्ल्यू’ हे अक्षर तीनदा व क्रमांक कोरलेले आढळतात. मात्र खूण नंतरही कोरता येते. त्यामुळे तबकडी, काटे, यंत्र व झाकण एकाच काळातील आहेत का, हे पडताळावे लागते. एचएमटीच्या ‘जवान’ घड्याळाचे नाव सैनिकी असले, तरी केवळ नावावरून ते सैन्याने दिलेले ठरत नाही.

संग्रह व जतन

तबकडी नव्याने रंगवल्यास घड्याळ चकचकीत दिसते. पण मूळ पुरावा नष्ट होतो. अंधारात चमकण्यासाठी अनेक जुन्या तबकड्यांना रेडियमयुक्त रंग लावला जाई. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असल्याने चमक गेली तरी किरणोत्सार टिकतो. म्हणून अशी घड्याळे घरी उघडू नयेत व रंग खरवडू नये.