संगणक कोपरा : लिनक्सच्या फाइली चुकून हलल्या आणि संगणक सुरूच होईना, तर?



आखातात बहुतेक घरी एखादा जुना लॅपटॉप असतोच. विंडोज फारच संथ झाले की त्यावर उबुंटू टाकायचे आणि तो मुलांना द्यायचा. आमच्या शारजाच्या घरीही असा एक आहे. एका रात्री आम्ही इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोग्रामचे 'यूएसआर' नावाचे फोल्डर 'जुने' या फोल्डरमध्ये हलवत होतो. आज्ञा लिहिताना नावाआधी एक तिरकी रेघ (/) जास्त पडली आणि लिनक्सचे स्वतःचे '/यूएसआर' हलले. मग एकही आज्ञा चालेना. घाबरून लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर 'इनिट सापडत नाही' अशा अर्थाची ओळ!

त्या लॅपटॉपवर आई-बाबा आमच्याकडे आले होते तेव्हाचे फोटो होते. बाबा आता नाहीत आणि फोटोंची दुसरी प्रत नव्हती. एका दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "फॉरमॅट करावा लागेल." तसे काही करावे लागले नाही. म्हणून ही माहिती सर्वांसाठी देत आहोत.

नेमके काय होते?

एकाच पार्टिशनवर 'एमव्ही' आज्ञेने फोल्डर हलवले, तर आतली माहिती जागची हलत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. म्हणून ते क्षणात हलते आणि क्षणात परतही आणता येते. अडचण वेगळीच असते. लिनक्सच्या बहुतेक आज्ञा 'लोडर' नावाच्या छोट्या प्रोग्रामच्या मदतीने सुरू होतात. लोडर ठरल्या जागी नसला, तर आज्ञेची फाइल डोळ्यांसमोर असूनही 'अशी फाइल नाही' असा संदेश येतो. पूर्वी '/बिन' आणि '/लिब' ही फोल्डरे वेगळी असत. फेडोराने २०१२ साली ती '/यूएसआर'मध्ये आणली, पुढे उबुंटूनेही तेच केले. त्यामुळे आता '/यूएसआर' हलले की सगळेच थांबते.

पहिला नियम : बंद करू नका

आम्ही केलेली चूक आपण करू नका. जे प्रोग्राम आधीच सुरू आहेत ते चालू राहतात, म्हणून टर्मिनल उघडेच ठेवा. टर्मिनल 'रूट'चे असेल, तर लोडरला त्याच्या नव्या पत्त्यावरून हाक मारून 'एमव्ही' चालवता येते. 'सुडो' मात्र अशा रीतीने चालत नाही. १९८६ साली मँचेस्टर विद्यापीठात एका संगणकावरच्या बऱ्याच सिस्टिम फाइली पुसल्या गेल्या होत्या. तिथल्या मंडळींनी उघड्या राहिलेल्या ईमॅक्सचा आधार घेऊन तो पुन्हा उभा केला.

संगणक बंद झालाच असेल तर

(आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.)

१. दुसऱ्या संगणकावर उबुंटूची आयएसओ फाइल उतरवून 'रूफस'च्या मदतीने पेन ड्राइव्हवर लिहा. १६ जीबीचा पुरतो. त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते.

२. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा. बूट मेनूसाठी डेलवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९. 'ट्राय उबुंटू' निवडा, 'इन्स्टॉल' नको.

३. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' द्या. सहसा मोठे 'ईएक्सटी४' पार्टिशन आपले असते. समजा ते 'एसडीए२' आहे.

४. 'सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी' द्या. आता आपली डिस्क '/एमएनटी'खाली दिसेल.

५. काहीही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

६. '/एमएनटी/यूएसआर' अस्तित्वात नाही ना, हे पाहा. असेल तर हलवलेले फोल्डर त्याच्या पोटात जाऊन बसेल. मग 'सुडो एमव्ही /एमएनटी/होम/घर/जुने/यूएसआर /एमएनटी/यूएसआर' द्या. यात 'घर' हे आमचे युजरनेम, तिथे आपले लिहा. '/एमएनटी' लिहायला विसरू नका, नाहीतर पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सशी खेळ होईल.

७. 'सुडो यूमाउंट /एमएनटी' द्या, लॅपटॉप बंद करा, पेन ड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा.

आमचा लॅपटॉप एवढ्यावर सुरू झाला. 'ग्रब रेस्क्यू' असे दिसत असेल, तर '/बूट' हलले आहे का ते याच रीतीने पाहा. फाइली बाहेरच्या 'फॅट' पद्धतीच्या डिस्कवर गेल्या असतील, तर त्यांचे मालक व परवानग्या हरवतात आणि नुसते परत ठेवून भागत नाही. अशा वेळी आपली माहिती काढून घेऊन लिनक्स नव्याने टाकणे बरे.

पुढे काळजी काय घ्यावी?

'सुडो' लिहिले की एंटर दाबण्यापूर्वी ओळ एकदा मोठ्याने वाचावी. तिरकी रेघ कुठे आहे ते बघावे. 'एमव्ही -आय' वापरले तरी ते फक्त दुसरी फाइल पुसली जाणार असेल तेव्हाच विचारते, ही चूक ते अडवत नाही. आणि फोटोंची एक प्रत इथे, एक गावी असावी. आम्ही एक पेन ड्राइव्ह सांगलीला आईकडे पाठवला. आता ती रोज टीव्हीवर ते फोटो पाहते.

तर मंडळी, कोणी "फॉरमॅट करा" म्हणाले, तर आधी एक पेन ड्राइव्ह लावून बघा!