विंडोंचा थरक्रम

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी उघडलेल्या विंडो, मेनू व डायलॉग बॉक्स यांपैकी काय वर दिसावे आणि काय झाकले जावे, हे ठरवणारी व्यवस्था. प्रणाली सर्व विंडोंची क्रमवार यादी ठेवते. रंगवताना ती मागच्या विंडोपासून पुढे येते. क्लिक कोणाचा हे ठरवताना मात्र वरून खाली शोधते.

इतिहास : एकमेकींवर येणाऱ्या विंडो १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक प्रणालीत दिसू लागल्या. ॲपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी त्या बाजारात आणल्या. झाकलेला भाग वगळून उरलेलाच रंगवण्याची ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांची पद्धत हे या काळातले सर्वांत मोलाचे काम होय. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १.० मध्ये (१९८५) विंडो शेजारी-शेजारी मांडल्या जात, २.० पासून (१९८७) त्या एकमेकींवर येऊ लागल्या. पुढच्याच वर्षी आपल्या पडद्याच्या मांडणीची नक्कल केल्यावरून ॲपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला.

मेनूचे स्थान : थरक्रमाची खरी कसोटी मेनूपाशी लागते. मेनू क्षणभर उघडतो, पण तेवढा वेळ तो सर्वांच्या वर असावा लागतो. लिनक्सवर दीर्घकाळ चालत आलेल्या एक्स ११ (१९८७) या विंडो प्रणालीत साध्या विंडोंचा क्रम विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्राम ठरवतो. मेनू मात्र ‘ओव्हरराइड-रिडायरेक्ट’ ही खूण लावून मॅनेजरला वगळतो, थेट पडद्यावर येतो आणि माऊस व कीबोर्ड तात्पुरते आपल्या ताब्यात घेतो. यातूनच एक जुना दोष उद्भवला : मेनू उघडा राहिला, तर पडदा आपोआप कुलूपबंद होत नसे. सुरक्षेच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. एक्स ११ ची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये मेनू मूळ विंडोला बांधलेला असतो व त्याचा थर कॉम्पोझिटर, म्हणजे सर्व विंडो एकत्र रंगवणारा प्रोग्राम, ठरवतो. मॅकओएसमध्ये स्तरांना आकडे आहेत : साधी विंडो ०, तरंगती पट्टी ३, वरची मेनूपट्टी २४, उघडणारा मेनू १०१. विंडोजमध्ये ‘टॉपमोस्ट’ हा वेगळा गट असून डायलॉग बॉक्स आपल्या मालक विंडोच्या खाली जात नाही.

मराठी टंकलेखन : रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना पर्यायी शब्दांची छोटी यादी उघडते. ‘मराठवाडा’ लिहायला सुरुवात केली की कर्सरखाली ती दिसते आणि प्रत्येक अक्षरासरशी बदलते. ही यादीही मेनूसारखीच सर्वांच्या वर हवी. पण टंकन चालू राहावे म्हणून तिने कीबोर्डचा ताबा घेता कामा नये. वेलँडमध्ये प्रोग्रामला पडद्यावरचे आपले स्थान कळत नाही. म्हणून लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ही यादी खुद्द ग्नोम शेल हा त्याचा मुख्य प्रोग्राम रंगवतो. विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक २०१९ मध्ये आला. इनस्क्रिप्ट या कळफलकाला अशा यादीची गरज नाही, कारण प्रत्येक कळ थेट देवनागरी अक्षर उमटवते.

प्रशिक्षण : विंडो हाताळण्याची ओळख महाराष्ट्रातील एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमात होते.